साडेचारशेचा सील पुलर आणि अप्पांची पद्मिनी

ऑइल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणारी रबर-पत्र्याची कडी, ती काढायचा हुकवाला पुलर. ब्रँड नाही, ऑनलाइन मागवलेला, 449 रुपये. पाचपैकी दोन चांदण्या देते. एक अवजाराची आणि एक ते सांगितलेल्या दिवशी आलं म्हणून.

गाडी आमच्या अप्पांची. 1978ची प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगला, रंग एकेकाळी पांढरा. गेली काही वर्षं क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, टोकावरचं बेल्टचं चाक) मागून ऑइल गळत होतं. आधी थेंब, मग रुपयाएवढा डाग, गेल्या पावसाळ्यात बशीएवढा. इंजिन चालू असताना पुली तेच ऑइल गरागरा भिरकावते, त्यामुळे फॅनबेल्ट आणि रेडिएटरची पाठ कायम काळी, चिकट. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजने हे पुढचं सील बदलून दिलं होतं. आठ महिन्यांत पुन्हा बशी. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, आपणच करायचं. मी ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते, पाने-पकडी हा काही माझा विषय नव्हे. पण अप्पा खुर्ची टाकून समोर बसणार होते.

पुलर आला तेव्हा अप्पांनी तो हातात घेऊन वजन केल्यासारखा झुलवला आणि म्हणाले, "उद्यमनगरात काय अवजारं मिळंनात व्हय, म्हणून हे मागवलंस?" कोल्हापुरात, उद्यमनगरासारखी कारखान्यांची वस्ती असताना, ऑनलाइन हत्यार मागवणं म्हणजे ताज्या दुधाच्या कट्ट्याजवळ, गंगावेशीत राहून पिशवीतलं दूध पिण्यासारखं, असं त्यांचं मत. ते मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

अवजार दिसायला बरं आहे. लोखंडी दांडा, लाल मूठ, टोकाला लहान आणि मोठा असे दोन हुक. हुक सीलच्या ओठाखाली, म्हणजे आतल्या रबरी कडेखाली, घालायचा, दांडा कशावर तरी टेकवायचा आणि तरफ द्यायची. जाहिरातीतल्या फोटोत चाकाचा हब आहे. मधे मोकळं भोक, चहूबाजूंनी जागा, नवंकोरं सील. तिथे ते काढायला पुलर कशाला, चमचाही चालेल. आमच्याकडे सील इंजिनाच्या पुढच्या झाकणात, म्हणजे टायमिंग कव्हरमध्ये, बसलेलं आणि त्याच्या मधोमध क्रँकचं टोक. कव्हर सोडवून टेबलावर घेतलं असतं तर सोपं गेलं असतं, पण मग चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) पॅकिंगला हात लागला असता आणि एका गळतीच्या दोन झाल्या असत्या. म्हणून गाडीवरच काढायचं ठरलं.

रेडिएटर उतरवला, बेल्ट काढला. पुलीचा नट सोडवायला चौथा गिअर टाकून अप्पांना ब्रेकवर उभं केलं आणि पान्याला हातभर नळी लावली. पुली तीन पायांच्या पुलरने आली. तो शेजारच्यांचा, जुना, आणि त्याला पाच चांदण्या. पुलीची अर्धचंद्रासारखी चावी लगेच काडेपेटीत ठेवली. ती गवतात पडली की दिवस गेला.

आता नव्या पुलरची पाळी. मोठा हुक फटीत शिरेचना. लहान शिरला, ओठाखाली अडकला, मी दांडा दाबला, आणि टर्रकन आवाज येऊन ओठ फाटून बाहेर आला. नुसतं रबर. सीलची पत्र्याची कडी जागच्या जागी. रबर वर्षानुवर्षं गरम ऑइलमध्ये राहून कडक झालं असतं तर समजले असते, पण हे दोनच वर्षांचं. कारण टॉर्च मारल्यावर दिसलं. बसवणाऱ्याने कडीला बाहेरून शेलॅक, म्हणजे गळती रोखायचं चिकट लुकण, फासलं होतं, तेही सढळ हाताने. मी कडीखाली हुक घालून पुन्हा जोर दिला. कडी हलली नाही, हुक मात्र उलगडत गेला, जिलबी उलगडावी तसा. शिवाय दांडा ज्या कव्हरच्या कडेवर टेकला होता तिथे दाबल्याची खूण उठली. त्याक्षणी थांबले. कव्हरला तडा गेला असता तर साडेचारशेच्या अवजाराने कव्हरच उतरवायला लावलं असतं.

पुढचं काम अप्पांच्या युक्तीने झालं आणि त्याला एकही अवजार विकत आणावं लागलं नाही. सीलच्या पत्र्याला समोरासमोर दोन बारीक भोकं पाडायची. ड्रिलच्या टोकाला ग्रीस थापायचं म्हणजे लोखंडाचा कीस त्यालाच चिकटतो, आत इंजिनात पडत नाही. फटीत चिंधी कोंबायची, तिचं टोक बाहेर लोंबतं ठेवायचं. टोक बाहेर नसेल तर ती चिंधी तुम्ही आत विसरणार, हे अप्पांचं भाकीत, बहुधा अनुभवातून आलेलं. ड्रिल पत्रा फुटला की लगेच थांबवायचं, मागे टायमिंग चेन आहे. मग भोकांत दोन पत्र्याचे स्क्रू पिळायचे आणि पक्कडीने एकदा हा, एकदा तो, असं थोडं थोडं ओढायचं. हेअर ड्रायरने कव्हर गरम केलं, शेलॅक जरा मऊ झालं. वीस मिनिटांनी कडी कुरकुरत बाहेर आली. अप्पांनी चहा मागितला.

नव्या सीलसाठी मी पुली पिशवीत घालून उद्यमनगरात नेली. माप घ्यायचं तर जुन्या सीलची आतली-बाहेरची मापं आणि जाडी व्हर्नियरने घ्यावीच, पण पुलीही न्यावी. पंचेचाळीस वर्षांत कुणी कुठली पुली चढवली असेल ते कागदावर कुठे लिहिलेलं नसतं. काउंटरवर काळ्या नायट्राइल रबराचं 110 रुपयांना आणि तपकिरी व्हिटॉन रबराचं 340ला. नायट्राइल साधारण शंभर अंशांपर्यंत सुखाने राहतं, व्हिटॉन दोनशेपर्यंत. या जागी नायट्राइलही चाललं असतं, पण पुन्हा रेडिएटर उतरवायची माझी इच्छा नव्हती. नुसत्या रंगावर विसंबू नका. दुकानदार मात्र व्हिटॉन खरं आहे हे दाखवायला लायटर पेटवायला निघाले, तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली. त्यात फ्लोरिन असतं. जाळलं तर हायड्रोजन फ्लोराइड सुटतो, आणि तो फुप्फुसाला आणि कातडीला काय करतो ते मी दरवर्षी वर्गात सांगते. "दादा, खरं आहे, मान्य आहे," म्हणून घाईने पैसे दिले.

पण सगळ्यात चांगले पैसे गेले ते त्याच गल्लीतल्या लेथवाल्या मामांकडे. त्यांनी पुलीच्या बोसवरून, म्हणजे सीलमध्ये शिरणाऱ्या मधल्या नळकांड्यावरून, नख फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, सील कितीबी बदला, उपेग न्हाई. ह्यो खड्डा बघा." ओठ जिथे घासतो तिथे गोल चर पडली होती, नख अडकेल एवढी. नवा ओठ त्याच चरीत बसला की ऑइलला वाट मोकळीच. गेल्या वेळी गॅरेजने हे पाहिलंच नसणार. उपाय तीन. सील दोन मिलिमीटर इकडे-तिकडे बसवून ओठाला कोरी जागा द्यायची, किंवा एसकेएफच्या स्पीडी-स्लीव्हसारखी तयार बाही चढवायची. तिची जाडी 0.28 मिलिमीटर, त्यामुळे सीलचं माप बदलावं लागत नाही. किंवा बोस थोडा उतरवून त्यावर पोलादी बुश दाबून पुन्हा मापात आणायचा. मामांनी तिसरा केला, 250 रुपयांत, दीड तासात.

शेवटचा हात फिरवताना त्यांनी जे केलं ते बघत राहावं असं. पॉलिश पेपर एका जागी धरला, डावीकडे-उजवीकडे अजिबात सरकवला नाही. का, विचारलं. म्हणाले, सरकवला तर बारीक आटे उमटतात, आणि पुली फिरली की तेच आटे ऑइल बाहेर खेचतात. अँबॅसिडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात क्रँकला मागच्या बाजूने हेच आटे मुद्दाम पाडलेले, उलट्या दिशेचे, ऑइल आत ढकलायला. तिथे रबरी सीलच नव्हतं. हे ऐकून मी आणखी दहा मिनिटं उगाच तिथे थांबले.

बसवणं अर्ध्या तासाचं काम. कव्हरमधलं शेलॅक खरवडून पुसलं, ओठाला ऑइल लावलं (रबरी ओठ कोरडा बसवला तर पहिल्या फेऱ्यातच जळतो), स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवली आणि सीलच्या कडेएवढ्या पाइपाच्या तुकड्याने हलके ठोकत सपाटीला आणलं. शेलॅक नाही. पुलीच्या चावीच्या खाचेला धार होती, तिने ओठ कापू नये म्हणून आधी तीही मोडून घेतली.

आणि चोर अजून एक होता. ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली वाफ आणि दाब बाहेर सोडणारी, नळी. कधीतरी तिथे पाण्याची रबरी नळी कापून लावलेली. ते रबर पाण्यासाठी उत्तम, ऑइलच्या वाफेत फुगतं. आतून फुगून भोक काडीएवढं उरलेलं. इंजिनातला दाब तिकडून निघेना, म्हणून सीलमधून वाट काढत होता. ऑइलला चालणारी नळी 90 रुपये फूट. हे आधी बघितलं असतं तर कदाचित बशीचा पुन्हा रुपया झाला असता, इतकंच. चर होतीच.

तीन आठवडे झाले, दोनदा पन्हाळ्याला जाऊन आलो, घाट धरून. पुलीखालचा पुठ्ठा कोरा आहे. बेल्ट कोरडा आहे. सीलला चार चांदण्या, पाचवी वर्षभराने. मामांना पाच. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी 2023मध्ये रस्त्यावरून गेल्या, आता सुटे भाग जपून विकतो, असं दुकानदार म्हणाले. तेव्हा तुमच्याकडे गाडी असेल तर सील आत्ताच एक जास्तीचं घेऊन ठेवा.

पुलर पूर्ण टाकाऊ नाही. मामांनी हुक तापवून पुन्हा वाकवून दिला, पैसे घेतले नाहीत, हसले फक्त. नंतर स्कूटरच्या चाकातलं सील त्याने एका झटक्यात निघालं. मधे मोकळं भोक असेल, शेलॅक नसेल, तर घ्या. टायमिंग कव्हरसाठी घेऊ नका.

पुठ्ठा आता गाडीखाली मागे सरकवलाय. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलखाली दोन थेंब दिसतायत, आणि बोटाला गंधकाचा वास येतो, म्हणजे गिअर ऑइलच. अप्पांनी काल विचारलं, "ते तुझं लाल मुठीचं कुठं ठेवलंस?"