आठ महिने वापरला, नेटवर्क जायचं कारण शेवटी भलतंच निघालं

दसऱ्याला घेतला हा फोन, १६ हजारात. बॅटरी मस्त, कॅमेरा दिवसा बरा, रात्री बोंब. त्यावर जास्त लिहीत नाही कारण पहिले पाच महिने माझं सगळं डोकं नेटवर्कने खाल्लं.

भर कोथरूडमध्ये बसलोय, फोन हातात आहे, आणि आई चिपळूणहून बायकोला फोन करून विचारते, "ह्याचा फोन बंद का येतोय गं?" मी इकडे वायफायवर मॅच बघतोय, मला पत्ताच नाही. एअरप्लेन मोड चालू-बंद केला की दांड्या परत यायच्या, तासाभरात पुन्हा गायब. अपडेट मारला, नेटवर्क सेटिंग रीसेट केलं (याने वायफायचे सेव्ह केलेले पासवर्ड आणि ब्लूटूथची पेअरिंग सगळं उडतं, मला नंतर कळलं), सर्व्हिस सेंटरवाल्याने दोन दिवस फोन ठेवून घेतला आणि फॅक्टरी रीसेट करून दिला, "आता ओके आहे सर". कसलं ओके, तिसऱ्या दिवशी तेच.

मग एकदा नीट बघितलं तर स्क्रीनवर दर वेळी 'नो सर्व्हिस' नव्हतं येत, बऱ्याचदा 'नो सिम' यायचं, आणि मी इतके महिने दोन्ही एकच समजत होतो! नो सर्व्हिस म्हणजे सिम वाचलं जातंय पण टॉवर मिळत नाहीये, नो सिम म्हणजे फोनला कार्डच दिसत नाहीये, तिथे टॉवरला शिव्या देऊन काय उपयोग. आणि हे व्हायचं कधी, तर बाईक खड्ड्यात आदळली की. बायकोचं सिम माझ्या फोनमध्ये घातलं, चार दिवस एकदाही गेलं नाही. माझं सिम तिच्या फोनमध्ये, दुसऱ्याच दिवशी तिची ऑफिसची मीटिंग तुटली. त्यावर काय ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझं सिम कॉलेजच्या काळातलं, जुन्या मोठ्या साइजचं, दुकानदाराने कटरने कापून नॅनो केलेलं. जुनं सिम ०.७६ मिमी जाड असतं, नॅनो ०.६७. कापल्यावर आकार बसतो पण जाडी तीच राहते, कडाही वाकड्या. ट्रेमध्ये ते तिरकं बसत होतं. आधीच्या फोनमध्ये कसं चाललं देव जाणे.

आधार दाखवून, अंगठा देऊन नवीन सिम घेतलं. एक लक्षात ठेवा, सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, बँकेचा ओटीपी येणार नाही, भाडं-बिलं आधी भरून टाका. आणि सिमवर सेव्ह असलेले नंबर आधी फोनमध्ये घ्या. माझे घ्यायचे राहिले, गॅसवाल्यापासून गवंड्यापर्यंत सगळे गेले.

तेव्हापासून 'नो सिम' एकदाही नाही. पण फोन अगदीच धुतल्या तांदळासारखा नाही हां. फाइव्ह जी कमकुवत असलं तरी त्यालाच चिकटून बसतो. फाइव्ह जीचा ३५०० मेगाहर्ट्झचा पट्टा (म्हणजे ज्या रेडिओ लहरींवर तो चालतो त्या) भिंतीतून आत येताना दमतो, गावच्या घराला तर जाड चिऱ्याच्या भिंती, आत गेलं की कॉल तुटतो आणि सिग्नल शोधून शोधून बॅटरीही उतरते. तिथे सेटिंगमध्ये जाऊन फोर जी करून ठेवतो, बरं चालतं. आजीचा टू जीचा बटणवाला फोन मात्र त्याच घरात माजघरात ठणठणीत वाजतो.

साडेतीन स्टार. अर्धा कॅमेऱ्याचा कापला, एक या फाइव्ह जीच्या हट्टाचा. सिमचा नाही कापत, तो माझाच कंजूषपणा होता.