लिबरऑफिस कॅल्क : कर्ज कधी संपेल ते सांगणारा तक्ता

कर्ज फेडायला मदत करतो म्हणणारी ॲप्स मी बरीच चाळून पाहिली. बहुतेकांत दोन गोष्टी खटकल्या. बँक खात्यात डोकावायची परवानगी आधी मागतात, आणि हिशेब दाखवता दाखवता नवं कर्ज पुढे करतात. जो माणूस देण्यातून बाहेर पडायला धडपडतोय त्याच्यासमोर 'तुम्ही पात्र आहात' अशी पाटी सारखी नाचवणं मला मान्य नाही. शेवटी मी लिबरऑफिसमधला कॅल्क उघडला आणि तिथेच राहिले. कर्ज फेडताना माणसाला जी उमेद लागते, ती टिकवायला या साध्या स्प्रेडशीटची किती मदत होते, तेवढंच इथे सांगते.

लिबरऑफिस फुकट आहे. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं होऊन सुरू झालेला हा मुक्त प्रकल्प विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हींवर चालतो. फाईल आपल्याच संगणकावर राहते आणि सेव्ह करताना पासवर्ड लावता येतो. घरातला संगणक मुलंही वापरत असतील, तर पासवर्ड जरूर लावा. मुलांना खरं सांगावं, पण आपण निवडलेल्या वेळी, फाईल चुकून उघडली म्हणून नव्हे.

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. आकड्यांची भीती नाही, पण वित्ताचं शिक्षणही नाही. नवऱ्याचा व्यवसाय बंद झाला तेव्हा आमच्यावर चार देणी होती: क्रेडिट कार्डाची थकबाकी, एक वैयक्तिक कर्ज, वॉशिंग मशीनचा हप्ता आणि नणंदेनं बिनव्याजी दिलेली रक्कम. आमचे खरे आकडे इथे देत नाही, समजायला सोपे पडतील असे घेते.

समजा बाकी १,००,००० आहे, व्याज वर्षाला ३६ टक्के म्हणजे महिन्याला ३ टक्के, आणि हप्ता ४,०००. कर्ज फिटायला किती हप्ते लागतील ते सांगणारं एनपीईआर नावाचं सूत्र कॅल्कमध्ये आहे (टाईप अर्थातच रोमन अक्षरांत करायचं). त्यात महिन्याचा व्याजदर, हप्ता आणि बाकी या क्रमानं तीन गोष्टी द्यायच्या. हप्ता आपल्या हातून जाणारा पैसा आहे, म्हणून त्याला उणे चिन्ह लावायचं, नाहीतर उत्तरच उणे येतं. पहिल्यांदा करणारा हमखास इथे अडखळतो. चिन्ह बरोबर असेल तर उत्तर येतं ४६.९, म्हणजे ४७ हप्ते. सुरुवातीची तारीख आणि हे ४७ ई-डेट या सूत्रात घातले आणि रकान्याला तारखेचं स्वरूप दिलं, की कर्ज संपायचा महिना आणि वर्ष दिसतं.

ती तारीख दूरची असली तरी तिनं मोठा फरक पडतो. त्याआधी कर्ज म्हणजे नुसतं 'आहे', त्याला शेवट दिसत नाही, आणि शेवट नसलेल्या गोष्टीपुढे कुठलाच बेत आखता येत नाही. तारीख दिसली की तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं आयुष्य वेगळं करून बघता येतं.

मग हप्ता बदलून पाहायचा. ४,००० च्या जागी ५,००० लिहिले की ४७ चे ३१ हप्ते होतात आणि एकूण व्याज सुमारे ८७,६०० वरून ५५,००० वर येतं. महिन्याला एक हजार जास्त भरून सोळा महिने वाचले. उलट ३,००० लिहून पाहिलं तर कॅल्क आकडा न देता चूक दाखवतो. ती चूक सूत्रात नसते. महिन्याचं व्याजच ३,००० असेल, तर तेवढा हप्ता भरून कर्ज कधीच संपणार नाही, हेच तो सांगत असतो. क्रेडिट कार्डावर फक्त किमान रक्कम भरत राहणाऱ्या प्रत्येकानं आपले आकडे एकदा तरी या रकान्यात घालून बघावेत असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात जास्त कामाला आला तो महिनावार तक्ता. रकाने थोडेच: तारीख, सुरुवातीची बाकी, व्याज, मुद्दल, उरलेली बाकी. आयपीएमटी आणि पीपीएमटी ही दोन सूत्रं प्रत्येक हप्त्यातलं व्याज आणि मुद्दल वेगळं करून देतात. ४,००० च्या पहिल्या हप्त्यातले ३,००० व्याजात जातात, मुद्दलातून फक्त १,००० कमी होतात. हे वाचून वाईट वाटतं, पण तेवढ्यावर तक्ता बंद करू नका, खाली सरकत जा. २४ हप्ते भरून झाले, खिशातून ९६,००० गेले, तरी बाकी दिसते ६५,५७४. निम्मा प्रवास झालेला असतो आणि मुद्दल जेमतेम एक तृतीयांश उतरलेलं असतं.

माणसं खचतात ती इथेच, असं माझं ठाम मत आहे. इतकी वर्षं भरतोय आणि काहीच हलत नाही, असं वाटू लागतं. मग एखादा हप्ता चुकतो, किंवा कार्ड पुन्हा बाहेर निघतं. यात त्या माणसाच्या निश्चयाचा दोष नसतो, चक्रवाढ व्याजाचा आलेखच तसा असतो. तक्ता पुढचाही भाग दाखवतो, म्हणून त्याचं मोल. हप्त्यातलं मुद्दल पहिल्या महिन्यात १,०००, चोविसाव्यात १,९७४, आणि पंचविसाव्यापासून ते व्याजापेक्षा जास्त होतं. शेहेचाळिसाव्या हप्त्यात व्याज उरतं अवघं २१८. पहिल्या निम्म्या काळात एक तृतीयांश उतरलेलं कर्ज दुसऱ्या निम्म्यात पूर्ण संपतं, हप्ता न वाढवता.

म्हणून मी 'किती टक्के कर्ज फिटलं' हा रकाना ठेवलाच नाही. त्याऐवजी 'या महिन्यात मुद्दलाकडे किती गेले' हा रकाना ठेवला. तो आकडा दर महिन्याला वाढतोच, आणि जादा काही भरलं तर लगेच उडी घेतो. ध्येय ठरवायचं तर अशा आकड्याचं ठरवावं, जो आपल्या करण्यानं हलतो आणि हललेला दिसतो. एकूण बाकीकडे रोज पाहून हाती काही लागत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी १९९१ च्या सुमारास आशेची एक मांडणी केली. आशा म्हणजे फक्त बरं वाटणं नव्हे. तिच्यात ध्येय असतं, तिथवर जायच्या वाटा सुचणं असतं आणि त्या वाटेनं आपण चालू शकू ही खात्री असते. त्या मापानं कॅल्ककडे पाहिलं तर ध्येय आणि वाटा तो उत्तम देतो. हप्ता वाढवला तर काय, एखादं देणं आधी संपवलं तर काय, व्याजदर उतरला तर काय, असे चार पर्याय चार पानांवर शेजारी शेजारी मांडता येतात. खात्री मात्र सूत्रातून येत नाही. ती आली वॉशिंग मशीनच्या हप्त्यामुळे.

कार्डाचं व्याज सगळ्यात जास्त होतं, म्हणून गणिताप्रमाणे प्रत्येक जादा पैसा तिकडे जायला हवा होता. पण मशीनची बाकी थोडी होती आणि ती आधी मिटवली तर व्याजात किती फरक पडतो, हे तक्त्यानं दाखवलं. फरक इतका किरकोळ निघाला की मी मशीन आधी संपवलं. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन या संशोधकांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याला जुळतो. कर्जफेडीच्या कार्यक्रमातल्या लोकांची खाती त्यांनी तपासली. एकेक खातं पूर्ण बंद करत गेलेले लोक सगळ्या कर्जातून बाहेर पडण्याची शक्यता जास्त दिसली, आणि बंद केलेल्या खात्यांची रक्कम मोठी की लहान याला त्यात महत्त्व नव्हतं. चार ओळींच्या तीन होतात तेव्हा काय होतं ते मी अनुभवलंय. रात्री अंथरुणावर पडल्यावर मोजायला एक गोष्ट कमी असते. तरीही व्याजदरांत मोठी तफावत असेल आणि रकमाही मोठ्या असतील, तर जास्त व्याजाचं देणंच आधी फेडा. दोन्ही करून बघायला दहा मिनिटं लागतात, मग अंदाजावर कशाला जायचं?

नणंदेच्या पैशांचा निर्णय कुठलंच सूत्र देत नाही. शून्य टक्के व्याज म्हणजे गणिताच्या हिशेबानं ते सगळ्यात शेवटी. "वहिनी, तुमच्या सवडीनं द्या," असं त्या म्हणाल्याही होत्या. पण आम्ही दर महिन्याला त्यांना थोडी ठरावीक रक्कम देतो आणि तिला तक्त्यात स्वतंत्र रकाना आहे. नात्यातलं देणं थकलं की माणसं एकमेकांकडे जायची कमी होतात. ते व्याज कुठल्या पानावर दिसत नाही, पण लागतं.

फाईलमधलं दुसरं पान माझं आहे, त्याचं नावही 'माझं' असंच ठेवलंय. कर्ज संपेपर्यंत स्वतःसाठी काहीच ठरवायचं नाही हा पवित्रा मला पटत नाही. ४७ महिने कुणी श्वास रोखून बसू शकत नाही. त्या पानावर तीन प्रकारची ध्येयं आहेत. काहींना पैसे लागतच नाहीत: माझी अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायची म्हणून ड्यूटी नसेल त्या दिवशी सकाळचा एक तास अभ्यास. काहींना थोडे लागतात: अचानक येणाऱ्या खर्चासाठी एका महिन्याच्या घरखर्चाएवढी शिल्लक. हिला मी जादा हप्त्याच्याही आधी ठेवलंय, कारण ही शिल्लक नसली तर पहिल्याच आजारपणात कार्ड परत वापरावं लागतं. आणि काही ध्येयं तारखेला बांधलेली: वैयक्तिक कर्ज संपेल त्या महिन्यात परीक्षेचा अर्ज भरायचा. ती तारीख पहिल्या पानावरून सूत्रानं इकडे येते. जादा पैसे भरले की अर्जाची तारीखही अलीकडे सरकते. कर्जाचा रकाना आणि पदवीचा रकाना एकमेकांना जोडलेले पाहणं, यासारखं दुसरं बळ मला कुणी दिलेलं नाही.

एक देणं संपलं की त्याचा हप्ता पुढच्या देण्याला जोडायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यात मी एवढीच भर घातली की त्या मोकळ्या झालेल्या हप्त्यातला दहावा भाग 'माझं' या पानाला द्यायचा. कर्ज काही हप्ते लांबतं, किती ते तक्ता सांगतो, आणि ती किंमत मी समजून उमजून देते.

आता उणिवा. फोनवर करायचं हे काम नाही, त्याला संगणकच हवा. हप्त्याची आठवण हा करून देत नाही, ती सोय दुसरीकडे करा. आकडे दर महिन्याला हातानं भरावे लागतात. मला ते आवडतं, पण ज्यांना जमणार नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये. शिवाय सूत्रं धरून चालतात की व्याजदर तोच राहील, शुल्क लागणार नाही आणि कार्डावर नवा खर्च होणार नाही. बँका व्याज अनेकदा दिवसावर मोजतात, त्यामुळे तक्ता आणि विवरणपत्र यांत थोडा फरक पडतो. शेवटी 'खरी बाकी' असा एक रकाना ठेवून विवरणपत्रातला आकडा दर महिन्याला तिथे लिहा. फरक वाढत चालला तर कुठलं तरी शुल्क लागलेलं असतं. ते काय, हे लगेच विचारा.

ज्यांना ठरलेला हप्ताच झेपत नाही, त्यांना या तक्त्यातून पैसे सापडणार नाहीत. पण कर्ज देणाऱ्याकडे बोलायला जाण्याआधी तो सोबत असावा, आणि जायचं ते हप्ता चुकायच्या आधी. व्याज कमी करून मुदत वाढवायचा प्रस्ताव आला तर तो महिन्याचा हप्ता काढून देणाऱ्या पीएमटी या सूत्रात घालून बघा. आपल्याच १,००,००० वर महिना २ टक्के आणि ६० महिने धरले तर हप्ता २,८७७ येतो आणि एकूण व्याज सुमारे ७२,६००. हप्ता हलका झाला, पण वर्षभर जास्त भरायचं. त्याच २ टक्क्यांवर आपण जुना ४,००० चाच हप्ता भरत राहिलो तर कर्ज ३५ महिन्यांत संपतं आणि व्याज होतं साधारण ४०,०००. दोन्ही उत्तरं कागदावर घेऊन जा आणि सही करण्याआधी दोन प्रश्न विचारा: ठरल्यापेक्षा जास्त भरलेलं चालेल का, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती?