फुगा की कात्री? आकसलेल्या आतड्याबद्दल, स्वतःच्या अनुभवावरून

क्रोन्स, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार, ज्यांना पहिल्यापासून समजावून सांगावा लागेल त्यांच्यासाठी हे लिहिलेलं नाही. आपल्याकडे अनेकांची सुरुवात टीबीच्या गोळ्यांनी होते, माझीही झाली. लहान आतडं मोठ्याला मिळतं त्याच कोपऱ्यात दोन्ही आजार ठाण मांडतात, त्यामुळे त्याबद्दल कुणावर राग नाही. मला बोलायचंय ते पुढच्या टप्प्याबद्दल. वर्षानुवर्षं सुजून-भरून आतड्याची भिंत चट्ट्यासारखी कडक होते, वाट अरुंद होते आणि डॉक्टर दोन पर्याय समोर ठेवतात: दुर्बिणीतून फुगा घालून वाट रुंदवायची, नाहीतर तेवढा तुकडा कापून टोकं जोडायची.

तिसरा पर्याय म्हणजे औषधं वाढवून बघणं. सूज असेल तर स्टिरॉइड किंवा बायोलॉजिक (सूज आणणारी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) यांनी ती उतरते. चट्टा मात्र विरघळवणारं औषध अजून आलेलं नाही. बहुतेकांच्या पोटात दोन्हींची भेसळ असते, म्हणून एमआर एन्टरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचा एमआरआय, नीट बघून घ्या. माझ्यात चार सेंटिमीटरचा कडक पट्टा निघाला, त्याच्या वरचं आतडं फुगलेलं.

पाच सेंटिमीटरच्या आतला पट्टा असेल, पू किंवा फिस्टुला (आतड्यातून भलतीकडे फुटलेली वाट) नसेल आणि दुर्बीण तिथवर पोहोचत असेल, तर फुग्याचा विचार होतो. कागदावर तोच बरा दिसतो. भूल जुजबी, टाका नाही, संध्याकाळी घरी. आतडं फाटण्याचा किंवा मोठ्या रक्तस्रावाचा धोका शंभरात दोन-तीन. पहिल्या फुग्याने मला आठ महिने दिले. दुसऱ्याने पाच. तिसऱ्याने जेमतेम तीन. मी काही अपवाद नव्हे. दोन वर्षांत चारातल्या तिघांना पुन्हा फुगवावं लागतं.

तरीही मी चौथा करून घेतला असता. अडलं ते पावडरीवर.

दुर्बिणीआधी पोट साफ करायला प्यायची ती दोन लिटर पावडर सगळ्यांनाच नकोशी असते. पण खाली वाट बंद असताना ती पिणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत वरून बादल्या ओतणं. चौथ्या ग्लासापर्यंत पोट नगाऱ्यासारखं टणक व्हायचं, कळ बेंबीपाशी येऊन थांबायची आणि बाहेर काहीच नाही. मग सगळं एकदम. मी राहतो नाशिकला, माझे डॉक्टर पहिल्यापासून मुंबईचे. दुसऱ्या वेळी उरलेली पावडर पहाटे घरीच संपवून निघालो आणि कसारा घाटात ट्रक आडवा झालेला. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बायको हातात पाण्याची बाटली घेऊन माझ्याकडे बघतेय, आणि मी रस्त्याकडेला झुडूप शोधतोय. तिसऱ्या वेळी आदल्या दिवशी पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन लॉजवर राहिलो. तिथेही रात्रभर उलट्या. फुग्याचं काम अर्ध्या तासाचं. त्याच्या आधीची रात्र कुणी हिशेबात धरत नाही.

ऑपरेशन इथेच, नाशिकमध्ये झालं, लॅप्रोस्कोपीने. त्याआधी महिनाभर स्टिरॉइड उतरवणं आणि वजन वाढवणं, यावर सर्जन अडून बसले होते. मला धास्ती पोटावर लावायच्या शौचाच्या पिशवीची होती. संमतीपत्रात तशी शक्यता लिहिलेली असते. माझ्यावर वेळ आली नाही. सहा दिवस दाखल. रोज सकाळी राउंडला एकच प्रश्न, ‘वारा सरला का?’ चौथ्या दिवशी सरला, तर शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनीही हात जोडले. सातपूरला कामावर परतायला पाच आठवडे लागले.

कात्रीने आजार जात नाही, हेही सांगायला हवं. जोडाच्या जागीच तो पुन्हा डोकं काढतो, म्हणून माझं बायोलॉजिक चालूच आहे. बी-१२चं इंजेक्शन आलं. तेलकट मिसळ खाल्ली की पित्तामुळे जुलाब होतात. सिगारेट ओढणाऱ्याने तर आधी ती सोडावी. ज्यांचं आतडं चार ठिकाणी आकसलंय किंवा आधीच एकदा कापलंय, त्यांनी माझं ऐकू नये. त्यांच्यासाठी एकेक इंच मोलाचा. त्यांनी फुगा, नाहीतर तुकडा न काढता आतडं रुंदवणाऱ्या स्ट्रिक्चरप्लास्टीबद्दल विचारावं. ही युक्ती टीबीच्या रुग्णांवर वापरल्याचं आपल्याकडच्या कटारिया आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्येच छापलं होतं. क्रोन्ससाठी ती नंतर रुळली.

पण एकच पट्टा, तोही लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला आणि दुसऱ्या फुग्यानंतरचे महिने पहिल्यापेक्षा कमी झाले असतील, तर मी तिसऱ्याआधी सर्जनची एक अपॉइंटमेंट घेतली असती. घेतली नाही, ती फक्त ‘ऑपरेशन’ या शब्दाला भिऊन.

सहा महिन्यांनी जोड कसा आहे ते बघायला पुन्हा दुर्बीण. पुन्हा तीच पावडर, तीच लिंबाची खोटी चव. बायकोने सवयीने बादली खाटेजवळ आणून ठेवली. चौथा ग्लास गेला, पाचवा गेला. पोट मऊच. अकराच्या सुमारास तिने बादली उचलून परत बाथरूममध्ये ठेवली.