गव्हाचा भुसा की भाताचा कोंडा?

दुभत्या जनावराच्या आंबोणात (भिजवून द्यायच्या खुराकात) काय घालायचं हे निम्मं तरी तुम्ही कुठं राहता यावरच ठरतं, कारण गोंदिया-भंडारा किंवा कोकणात राईस मिल जवळ असते म्हणून कोंडा स्वस्त पडतो आणि बाकी ठिकाणी भुशाचं, म्हणजे गव्हाच्या सालीच्या कोंड्याचं (काडाचं नव्हे), पोतं सहज मिळतं.

प्रोटीन भुशात साधारण 14-16 टक्के, कोंड्यात 12-14, म्हणजे त्यावरून भांडायचं काही कारण नाही. खरा फरक तेलाचा. तेल न काढलेल्या कोंड्यात 12 ते 18 टक्के तेल असतं, भुशात जेमतेम 3-4, त्यामुळे कोंड्यात एनर्जी जास्त, पण तांदूळ पॉलिश केला की लगेच कोंड्यातलं लायपेज एन्झाइम ते तेल फोडायला लागतं आणि पावसाळ्यात तर काही दिवसांतच खवट वास येतो, मग गाय तोंड लावत नाही. म्हणून आठवड्याला लागेल तेवढाच आणा, महिन्याचा साठा नको. शिवाय तेल जास्त झालं तर पोटातले जंतू चारा नीट पचवत नाहीत, सगळं आंबोण कोंड्याचंच केलं तर हाच घोळ होतो.

तेल काढलेला कोंडा टिकतो बरा, पण एनर्जी जाते. आणि घेताना मुठीत चोळून बघा, टोचला तर तूस (भाताचं टरफल) मिसळलंय, त्यात सिलिका भरपूर.

भुसा हलका, पोट साफ ठेवणारा, व्यायलेल्या गाईला मी तोच देईन. दोन्हीत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावालाच, मिनरल मिक्स्चर कुठल्याही बाबतीत सुटत नाही.