आयबीआरवर सहा महिने: आई आणि ६८.७५ डॉलर

अमेरिकेत फेडरल लोन घेऊन शिकलेल्यांसाठी लिहितेय, त्यामुळे आयबीआर म्हणजे काय हे एकाच ओळीत: उत्पन्न आणि घरातली माणसं बघून सरकारी लोनचा महिन्याचा हप्ता ठरवणारा प्लॅन. माझं लोन ४१,००० डॉलर, मास्टर्सची दोन वर्षं, एका वर्षाचा व्याजदर ५.२८ आणि दुसऱ्याचा ६.५४. आधी सेव्ह या तशाच दुसऱ्या प्लॅनवर होते, आठ हप्ते भरले आणि जुलै २०२४ ला कोर्टाने तो अडवला, मग वर्षभर फोरबेअरन्स, म्हणजे हप्ते थांबवलेले. व्याज लागत नव्हतं म्हणून मी गप्प बसले आणि ती चूक झाली, कारण मी सरकारी लायब्ररीत नोकरी करते, मला पीएसएलएफचे (सरकारी नोकरीत १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ होतं ती योजना) १२० हप्ते पूर्ण करायचेत आणि ते महिने त्यात धरलेच नाहीत.

जून २०२५ ला आयबीआरचा फॉर्म भरला. मंजुरी सप्टेंबरात आली, तोवर ऑगस्टपासून व्याज पुन्हा सुरू झालं होतं. आणि हप्ता आला २६८ डॉलर! माझ्या हिशोबाने २०० यायला हवा होता. शोधलं तर कुटुंबात माणसं १ धरलेली. मी २ लिहिली होती, आई माझ्याकडेच राहते.

गणित सोपं आहे. माणूस वाढलं की २०२५ ला गरिबीरेषा ५,५०० ने वाढत होती, त्याची दीडपट ८,२५०, एवढं उत्पन्न हिशोबातून वगळतात, त्याचे १० टक्के (माझा हप्ता याच टक्क्याने ठरतो) म्हणजे वर्षाला ८२५, महिन्याला ६८.७५. कुणाला किरकोळ वाटेल, पण आईच्या नागपूरच्या तिकिटाला ८२५ डॉलरचा केवढा आधार होतो ते मला माहीत आहे. लोनचे हप्ते घेणाऱ्या कंपनीला चार फोन केले, दर वेळी पाऊण तास होल्डवर. फोनवरचा माणूस विचारतो, आई टॅक्स रिटर्नवर डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून) आहे का? नाहीये, कारण तिला बाबांच्या मागे जी फॅमिली पेन्शन येते ती टॅक्सच्या मर्यादेच्या वर जाते. पण आयबीआरच्या फॉर्मवर तसं विचारलेलंच नाही हो, सोबत राहते आणि तिचा अर्ध्याहून जास्त खर्च मी करते एवढं पुरे आहे. शेवटी लेखी तक्रार टाकली, तीन आठवड्यांनी हप्ता २०० झाला.

आयबीआरचा हा रिव्ह्यू तेव्हा लिहिला असता तर एकच स्टार दिला असता. आता मत बदललंय. व्याज महिन्याला साधारण २०२ आणि हप्ता २००, मुद्दल जागचं हलत नाही, हे बघून पहिले दोन महिने झोप लागायची नाही, आमच्या घरात कर्ज म्हणजे आधी मुद्दल फेडा अशीच शिकवण. मग नीट वाचलं तर कळलं की राहिलेलं व्याज प्लॅनमध्ये असेपर्यंत मुद्दलात मिळवत नाहीत, व्याजावर व्याज चढत नाही, आणि मला तर १२० हप्ते मोजायचेत, त्यात कमी हप्ताच बरा. १४ झाले, १०६ राहिले.

जुलै २०२६ पासून रॅप हा उत्पन्नावर हप्ता ठरवणारा नवा प्लॅन आहे, त्यात उरलेलं व्याज माफ आहे म्हणून मैत्रीण बदल म्हणते. पण तिथे रिटर्नवरच्या डिपेंडंटमागेच ५० डॉलर कमी होतात, आई त्यात बसत नाही, माझा हप्ता २३२ होईल. मी नाही बदलणार.

हप्त्यासाठी उत्पन्न दर वर्षी नव्याने तपासतात. भरलेल्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, माझी तक्रार माणसं २ लिहिलेल्या त्या एका पानावर सुटली.