विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट: आरओ की मनीप्लांट?

ऊसपट्ट्यात शेतातला युरिया नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतो. मग फिशटँकचं पाणी कितीदाही बदला, नायट्रेट विहिरीतल्या पातळीखाली येत नाही. उकळलं तर उलट वाढतं.

आरओचा फरक लगेच दिसतो. लिटरला ८० मिलिग्रॅम असलेल्या पाण्यात निम्मं आरओचं मिसळलं की ४५च्या आसपास येतं. निव्वळ आरओ मात्र नको, क्षारांअभावी पीएच डळमळतो. शिवाय बरंच पाणी वाया जातं, आणि सोलापुरात तर नळ रोज येत नाही! ते सांडपाणी फरशीला वापराच.

मनीप्लांटची मुळं टँकमध्ये सोडली, पानं वर उजेडात ठेवली, की झाड नायट्रेट खातं, पण सावकाश.

गप्पींना मनीप्लांट पुरे. नायट्रेट न सोसणारे नाजूक डिस्कस मासे पाळायचे तर आरओच घ्या.