ब्यूलीच्या बाजारातला जुन्या फोटोंचा स्टॉल

इंग्लंडातल्या हॅम्पशायरमध्ये ब्यूलीला दर सप्टेंबरात ऑटोजंबल भरतं, म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा जुना बाजारच. मंडळी कार्ब्युरेटर धुंडाळतात. मी मात्र फोटोंच्या खोक्यांवर तुटून पडते.

माझा आवडता स्टॉल एका आजोबांचा. माल अव्वल. यंदा तीन पौंडांत मॉरिस मायनर ट्रॅव्हलर गाडीचा फोटो मिळाला. मागच्या लाकडी चौकटीला टेकलेली, डोक्याला स्कार्फ बांधलेली बाई, हातात थर्मासचं झाकण, गाडीच्या जाळीवर 'एए' या मोटारचालकांच्या संघटनेचा बिल्ला. नंबरच्या शेवटी 'डी', म्हणजे नोंदणी १९६६ची. इकडे मालक बदलला तरी नंबर सहसा गाडीबरोबरच राहतो, त्यामुळे आजच्या मालकाला असा फोटो सापडला तर लॉटरीच! बाईचं नाव मात्र कुठेच नाही. पाठीमागे पेन्सिलीनं नुसतं 'नवी गाडी'.

एक गोष्ट खटकली. पाकिटात बसावेत म्हणून काही फोटो कापलेत आणि नेमकी नंबर प्लेटच उडालीय. त्यालाही तीन पौंड? तोंडावर विचारलं, तर आजोबांनी हसत एक पौंड कमी केला.

ऑस्टिन, हिलमन, वूल्झली सगळ्या एकाच खोक्यात कोंबलेल्या. त्यातच मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री दिसली की आपल्याकडचा कुणीही 'अरे, ही तर ॲम्बॅसॅडर!' म्हणणार. बरोबरच आहे, तिच्यावरूनच ती बेतलेली.

कार्ड चालत नाही, सुटे पैसे न्या. आणि लवकर जा; दुपारपर्यंत जॅग्वार, एमजी उचललेल्या असतात.